फाइल उघडू नका, आत घ्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांचे हिशेब तपासणं हे माझं काम. आता लहान गावातही संकलनाला संगणक आलेला आहे. सभासद किटली घेऊन येतो, काट्यावर दूध मोजलं जातं, यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवतं, दर लागतो, चिठ्ठी निघते. दहा दिवस झाले की बिल. इथपर्यंत सगळं संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि बहुतेक वेळा चोख होतं. पुढे मात्र सचिवाला तो रिपोर्ट एक्सेलमध्ये लागतो. पशुखाद्याच्या आणि ॲडव्हान्सच्या कपाती लावायच्या असतात, बँकेला यादी द्यायची असते, वर्षाअखेर आमच्यासारख्यांसमोर ठेवायची असते.

रिपोर्ट बरोबर असतो, एक्सेलची बेरीज बरोबर असते, तरी बिल चुकतं. कारण आकडे बदलतात ते या दोघांच्या मधल्या वाटेवर, फाइल एकातून दुसऱ्यात जाताना. एक्सेलला एखाद्या रकान्यात काय आहे हे कळलं नाही तर ते विचारत नाही, अंदाज करतं. सभासद क्रमांक कुठला, खाते क्रमांक कुठला, तारीख कशी लिहिली आहे हे तुम्हाला माहीत असतं. ते त्याला आधी सांगायचं. संस्थेच्या संगणकावर बसणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून अनुभवातून कळलेलं इथे लिहितो आहे. उदाहरणं दुधाची असली तरी पतसंस्था, शाळा, सोसायटी, दुकान, कुठेही हेच घडतं.

१. फाइलवर दोनदा क्लिक करू नका

रिपोर्ट ‘सीएसव्ही’ म्हणून काढला की त्या फाइलला एक्सेलचं हिरवं चित्र दिसतं आणि बोट आपोआप दोनदा क्लिक करतं. पण सीएसव्ही ही एक्सेलची फाइल नव्हे. तो साधा मजकूर असतो, दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम घातलेला. हा रकाना तारखेचा, हा नावाचा, हा रकमेचा असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक नोंद बघून ठरवतं, हा आकडा दिसतो, ही तारीख दिसते, आणि तसं करून टाकतं. सभासद क्रमांक ०००७ होता, तो ७ होतो. एवढ्यावरही बिघडलेलं नसतं, कारण मूळ फाइल अजून शाबूत असते. पण बंद करताना ‘सेव्ह करायचं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की मूळ फाइलमध्येही ७ च उरतो.

म्हणून आधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत खरोखर काय आहे ते तिथेच दिसतं. मग एक्सेलमध्ये कोरी फाइल घ्या, ‘डेटा’ टॅबवर जा, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा. नमुना दिसतो, त्याखाली ‘लोड’ आणि ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ अशी बटणं असतात. घाईत ‘लोड’ दाबू नका, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबा. ‘पॉवर क्वेरी’ची खिडकी उघडते. ही सोय एक्सेल २०१६ पासून आतच आहे. उजवीकडे पायऱ्यांची यादी असते, त्यात ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी तुम्ही न सांगता लागलेली असते. तोच तो अंदाज. ती पायरी काढून टाका. मग एकेक रकाना निवडून सांगा : सभासद क्रमांक टेक्स्ट, खाते क्रमांक टेक्स्ट, लिटर डेसिमल नंबर.

ती पायरी तशीच ठेवून प्रकार बदलायला गेलात तर एक्सेल विचारतं, ‘रिप्लेस करंट’ की ‘ॲड न्यू स्टेप’? तिथे ‘रिप्लेस करंट’ निवडा. नवी पायरी जोडली तर ०००७ चं आधी ७ होतं आणि मग त्या ७ चं टेक्स्ट होतं. गेलेली शून्यं परत येत नाहीत.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरत असाल तर तिथे सीएसव्ही उघडतानाच खिडकी येते आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवता येतो. फुकट मिळणाऱ्या या प्रोग्रॅमचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो, तो आधी विचारतो. गूगल शीट्समध्ये इंपोर्ट करताना मजकुराचं संख्या, तारखा आणि सूत्रांत रूपांतर करण्याबद्दल एक चौकट असते, तिची खूण काढायची.

२. खाते क्रमांक ही संख्या नाही

ज्याची कधी बेरीज करायची नाही, सरासरी काढायची नाही, ते सगळं टेक्स्ट. खाते क्रमांक, आधार, मोबाइल, सभासद क्रमांक, बिल क्रमांक, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, सगळं. या एका सवयीने निम्म्या अडचणी जन्माला येत नाहीत. पण खाते क्रमांकाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे पैसा थेट जातो.

एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. संख्या साठवायची जी पद्धत बहुतेक संगणक वापरतात, ६४ बिटांची, तिच्यात साधारण एवढीच अचूकता मावते. त्यापुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी शून्य येतं. बँकेचा खाते क्रमांक किती आकडी असावा याला आपल्याकडे एकच नियम नाही. काही बँकांचे ११ आकडी, काहींचे १४, काहींचे १५, आणि काहींचे १६. सुरुवातीला शून्य नसेल तर पहिल्या तिघांचं काही बिघडत नाही. फार तर क्रमांकाच्या जागी ‘१.२३ई+१३’ असलं काही दिसतं, ते रकान्याचा प्रकार बदलला की पुन्हा पूर्ण दिसतं. पण १६ आकडी क्रमांक १२३४५६७८९०१२३४५६ असेल तर तो १२३४५६७८९०१२३४५० होतो. मग रकाना टेक्स्ट करा, रुंद करा, काहीही करा. शेवटचा ६ त्या फाइलमध्ये कुठेच उरलेला नसतो.

एका संस्थेत सभासदांची खाती एकाच शाखेत, एकाच शिबिरात उघडली होती. त्यामुळे क्रमांक ओळीने आलेले, फरक फक्त शेवटच्या अंकांत. यादी एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली गेली, सेव्ह झाली, आणि शेजारशेजारच्या खात्यांचा क्रमांक एकच होऊन बसला. कागदावर छापलेल्या यादीत ते पटकन दिसत नाही, कारण नावं वेगळी असतात आणि १६ आकडे कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. नाव जुळतंय का हे पाहून नव्हे. क्रमांक अस्तित्वातच नसला तर पैसे परत येतात, चार दिवस जातात, पण वाट लागत नाही. क्रमांक दुसऱ्या कोणाचा असला तर पैसे त्याच्याकडे जातात. ज्याच्या घरात महिन्याचा किराणा आणि पोराची फी या दहा दिवसांच्या बिलावर चालते, त्याला ‘सिस्टीमची चूक झाली’ हे उत्तर देणं मला तरी जमत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण एकच क्रमांक दोनदा आला आहे का ते तपासतात. चांगलं आहे, पण त्यातही एक खोच आहे. ‘काउंटइफ’ हे सूत्र टेक्स्ट म्हणून ठेवलेल्या क्रमांकालाही मोजताना संख्याच समजतं आणि १५ अंकांपर्यंतच तुलना करतं. म्हणजे क्रमांक पूर्ण शाबूत असले तरी ते ‘दोनदा आलेत’ म्हणून दाखवतं. मग माणूस घाबरतो आणि बरोबर असलेली यादी दुरुस्त करायला लागतो. सूत्रात क्रमांकापुढे एक चांदणी (*) जोडली, म्हणजे शोधताना तो निव्वळ मजकूर ठरतो आणि मोजणी बरोबर येते. नाही तर ‘समप्रॉडक्ट’ने थेट बरोबरीची तुलना करा.

बँकेला अपलोड करायची फाइल पुष्कळदा पुन्हा सीएसव्हीच असते. ती तयार झाल्यावर ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून एक्सेलमध्ये उघडायची आणि सेव्ह करायची, हे मी चांगल्या हुशार माणसांना करताना पाहिलं आहे. आधीची सगळी काळजी त्या एका क्लिकमध्ये वाया जाते. शेवटची फाइल नोटपॅडमध्येच बघायची.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डेटा’खाली हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायच्या चौकटी दिल्या आहेत : पुढची शून्यं काढणं, लांब क्रमांक १५ अंकांवर तोडणं, मधे ‘ई’ अक्षर असलेल्या कोडची घातसंख्या करणं. नवं एक्सेल असेल तर त्या खुणा आजच काढून टाका. तारखांचं दुखणं मात्र त्यांनी जात नाही.

३. तारीख : दहा दिवसांचं बिल दहा महिन्यांत पसरतं

संकलनाचा रिपोर्ट तारीख आपल्या रीतीने देतो, आधी दिवस मग महिना. संगणकाचं विंडोज जर अमेरिकन मांडणीवर असेल, आणि नवा संगणक पुष्कळदा तसाच येतो, तर एक्सेल आधी महिना मग दिवस असं वाचतं. आता दुधाच्या बिलाचा पहिला दसवडा घ्या, १ ते १० जून. ०१/०६ ही ६ जानेवारी होते, ०२/०६ ही ६ फेब्रुवारी, आणि १०/०६ ही ६ ऑक्टोबर. ०६/०६ सोडून बाकी नऊही तारखा चुकतात, आणि एकही चूक डोळ्यांत भरत नाही, कारण सगळ्या कायदेशीर तारखाच आहेत. दुसऱ्या दसवड्यात ११ आणि १२ तारीख उलटी होते, १३ पासून पुढे एक्सेलला ‘तेरावा महिना’ सापडत नाही म्हणून ते त्यांना मजकूर म्हणून सोडून देतं. तिसऱ्या दसवड्यात सगळ्या तारखा मजकूर. म्हणजे पहिला दसवडा दिसायला सगळ्यात नीटनेटका आणि प्रत्यक्षात सगळ्यात चुकलेला.

ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याला कुठलंही अलाइनमेंट दिलेलं नसताना खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही उजवीकडे, काही डावीकडे दिसलं की हात थांबवा. पण पहिल्या दसवड्यात ही खूणही मिळत नाही, तिथे रकान्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी तारीख काढून बघावी लागते. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’, दोन सूत्रं. दहा दिवसांच्या बिलात मोठी तारीख ऑक्टोबरची आली तर कळायला वेळ लागत नाही.

उपाय एकच, पुन्हा मूळ फाइलपासून आत घ्यायचं. पॉवर क्वेरीत तारखेच्या रकान्यावर उजवं क्लिक करून ‘चेंज टाइप’मध्ये ‘यूझिंग लोकेल’ निवडायचं, प्रकार ‘डेट’ आणि लोकेल ‘इंग्लिश (इंडिया)’. जुन्या एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीवर ‘डेट’पुढे दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडता येतो. पण ते मजकूर राहिलेल्या तारखांवरच चालतं. उलट्या झालेल्या तारखा उलट्याच राहतात. आणि संगणकाच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ एकदा करून ठेवलं की हा त्रास मुळातूनच कमी होतो.

तारखेच्या जागी ४५३८३ असं काही दिसलं तर घाबरू नका. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या क्रमांकाने साठवतं, आणि ४५३८३ म्हणजे १ एप्रिल २०२४. रकान्याचा प्रकार ‘डेट’ केला की झालं.

तारखा नसलेल्या गोष्टीही तारखा होतात. ‘३/२४’ असा पावती क्रमांक मार्च २०२४ होऊन बसतो. हे दुखणं जगभराचं आहे. माणसाच्या जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावं ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. ती चूक छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत जाऊन बसली. अखेर जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. पावती क्रमांकाआधी संस्थेचं एखादं अक्षर लावणं त्या मानाने फारच सोपं आहे, आणि टेक्स्ट सांगून आत घेणं त्याहून सोपं.

४. मराठी नावं

नावांच्या जागी अगम्य चिन्हं आली की लोक म्हणतात ‘फॉन्ट गेला’. पण यात दोन अगदी वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

पहिलं दुखणं : नावं युनिकोडमध्ये बरोबर साठवलेली आहेत, फक्त एक्सेलने ती चुकीच्या पद्धतीने वाचली. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ‘यूटीएफ-८’ पद्धतीत तीन बाइटांचं असतं. त्यातला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोहोंपैकी एक. एक्सेलने ते इंग्रजीच्या जुन्या पद्धतीने वाचले तर प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ येतो आणि त्याच्यामागे एक काटेरी वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह. जोडाक्षर असलेल्या नावात येन हमखास दिसतो, कारण पाय मोडायची खूण त्याच गटात येते. ही चिन्हं ओळीने पुन्हा पुन्हा दिसली की निर्धास्त व्हा, नावं जिवंत आहेत. इंपोर्टच्या खिडकीत वर ‘फाइल ओरिजिन’ असतं, तिथे ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा, सगळी नावं जागच्या जागी उभी राहतात. मात्र त्या चिन्हांसकट फाइल सेव्ह करू नका.

दुसरं दुखणं जुनं. संस्थेचं दप्तर जर युनिकोडच्या आधीच्या काळात ‘श्री-लिपी’त किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’मधून ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’सारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर तिथे मराठी अक्षरं मुळात साठवलेलीच नाहीत. साठवलेली आहेत रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट लावला की ती मराठी दिसतात, एवढंच. इथे फाइल ओरिजिन बदलून काही होत नाही. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घ्यावं लागतं, आणि केल्यावर रफार, र्‍हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं असलेली नावं डोळ्यांनी तपासावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. सभासद नोंदवहीत माणसाचं नाव नीट असावं हा त्याचा हक्क आहे असं मी मानतो.

नावं नीट दिसली तरी ती जुळतीलच असं नाही. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो, एकदा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून, एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून. पडद्यावर तेच आडनाव, संगणकाला दोन. ‘ॲ’चंही तसंच, तो एका अक्षराचा असतो किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन केलेला. ‘व्हीलुकअप’ नाव शोधतं आणि ‘सापडलं नाही’ म्हणतं, समोर नाव दिसत असूनही. शिवाय एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असणं काही नवलाचं नाही. त्यामुळे दोन याद्या जुळवायच्या त्या सभासद क्रमांकावर. नावावर कधीच नाही.

क्रमांकही जुळत नसतील तर न दिसणारी मोकळी जागा शोधा. वेब पानावरून आलेल्या रिपोर्टमध्ये साध्या स्पेसऐवजी दुसरीच एक स्पेस असते, तिचा कोड १६०. ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही. ‘सब्स्टिट्यूट’ वापरून ‘कॅर(१६०)’च्या जागी रिकामं घालावं लागतं.

५. छापायचा रिपोर्ट आणि हिशेबाचा रिपोर्ट

छापण्यासाठी केलेल्या रिपोर्टमध्ये प्रत्येक पानावर संस्थेचं नाव, मथळा आणि पानाची बेरीज येते. सभासदाचं नाव फक्त पहिल्या ओळीत आणि खाली सगळं मोकळं. माणसाच्या डोळ्याला ते वाचायला उत्तम. एक्सेलमध्ये आलं की ‘सम’ पानाच्या बेरजाही धरतं आणि एकूण दुप्पट होतं. सॉर्ट केलं की नाव एकीकडे, लिटर दुसरीकडे.

निर्यात करताना ‘समरी’, ‘डिटेल’, ‘रजिस्टर’ असे पर्याय असतील तर एका ओळीत एकच नोंद येईल तो निवडा. असा पर्याय नसेल तर पॉवर क्वेरीत मथळ्याच्या आणि बेरजेच्या ओळी फिल्टरने गाळा आणि नावाच्या रकान्यावर ‘फिल डाउन’ द्या. हाताने ओळी पुसू नका. हाताने पुसलेलं पुढच्या दसवड्याला पुन्हा पुसावं लागतं, आणि काय पुसलं याची कुठे नोंद राहत नाही.

६. नावाने एक्सेल, आतून दुसरंच

फाइल उघडताना ‘फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही’ असा इशारा आला, तर बहुधा वेब पानाचा तक्ता ‘.एक्सएलएस’ नावाने दिलेला असतो. नोटपॅडमध्ये उघडली की टोकदार कंसांतला मजकूर दिसतो. ती उघडते, पण वरचे सगळे अंदाज तिथेही लागू होतात, आणि इंपोर्टची खिडकी येतच नाही. पोर्टलवर सीएसव्हीचा पर्याय असेल तर तोच घ्या.

७. पत्त्यातला स्वल्पविराम

‘मु. पो. अमुक, ता. शिरोळ’ असा पत्ता अवतरणचिन्हांत न घालता सीएसव्हीत आला की तालुका पुढच्या रकान्यात जातो आणि त्या ओळीतलं सगळं एक घर पुढे सरकतं. ‘१,२५,०००’ ही रक्कम तर तीन तुकड्यांत फुटते. यादीच्या शेवटच्या रकान्याच्याही पलीकडे एखाद्या ओळीचं शेपूट लोंबतंय का, तेवढं पाहायचं.

८. जमा-नावे

बँकेच्या उताऱ्यात रकमेपुढे ‘सीआर’ किंवा ‘डीआर’ लिहिलेलं असतं, त्यामुळे रक्कम मजकूर होते आणि बेरीज शून्य येते. लोक शोधून ती अक्षरं पुसतात. बेरीज येते खरी, पण जमा कुठली आणि नावे कुठली हेही पुसलं जातं. आधी शेजारी एक रकाना करून शेवटच्या दोन अक्षरांवरून चिन्ह ठरवा, अधिक की उणे, आणि मगच पुसा.

याहून फसवा प्रकार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या काही खतावण्यांत दिसतो. तिथे ‘सीआर’ ही अक्षरं घरात नसतातच, ती नुसत्या फॉरमॅटमुळे दिसतात. त्या घरावर क्लिक करून वर सूत्राच्या पट्टीत बघा. तिथे निव्वळ ५००० असेल तर जमा आणि नावे दोन्ही अधिकच धरले जाणार आहेत. इथे बेरीज शून्य येत नाही, छान गोल आकडा येतो, म्हणून शंकाही येत नाही. जमा आणि नावे यांचे दोन वेगळे रकाने मिळतील असा रिपोर्ट पुन्हा काढून घेणं हाच सरळ मार्ग.

९. ओळी कुठे संपल्या ते बघा

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांत आलेलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली जुन्या ‘.एक्सएलएस’ प्रकारात भरल्या जात होत्या, आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढचं गळून गेलं, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला उशीर झाला. नव्या ‘.एक्सएलएसएक्स’मध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे.

आपल्या गावाला याचं काय, असं वाटेल. ३०० सभासदांची संस्था घ्या. सकाळ-संध्याकाळ दूध, वर्षभर. रोजच्या ६०० ओळी, वर्षाच्या २,१९,०००. दिवाळीच्या आधी सभासदांना दूधदराचा फरक वाटायचा तो वर्षभरात घातलेल्या लिटरवर. जुन्या सॉफ्टवेअरने ती फाइल ‘.एक्सएलएस’मध्ये दिली तर १ एप्रिलपासून सुरू झालेल्या नोंदी जुलैच्या मध्यातच संपतात. बारमाही दूध घालणाऱ्याचं आठ महिन्यांचं दूध जातं. ज्याची म्हैस पावसाळ्यानंतर व्याली, त्याचं तर अख्खं वर्षच यादीत नसतं. म्हणून वर्षाच्या फाइलमध्ये पहिलं काम, ‘कंट्रोल’ आणि ‘एंड’ दाबून शेवटच्या ओळीवर जायचं आणि तिथे ३१ मार्चची संध्याकाळ आहे का ते बघायचं. ओळींची संख्या नेमकी ६५,५३६ आली तर पुढे काही करायचंच नाही, फाइल महिन्यामहिन्याची काढायची.

१०. आधी जुळवणी, मग काम

फाइल आत घेतल्यावर कपाती लावायच्या आधी तीन आकडे मूळ रिपोर्टशी जुळवा : एकूण नोंदी, एकूण लिटर, एकूण रक्कम. मूळ म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचा किंवा त्यातून थेट छापलेला कागद. तिन्ही पैशापर्यंत जुळले पाहिजेत. ‘थोडासा फरक आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण तो थोडासा फरक कोणा एकाचं अख्खं बिल असू शकतो, किंवा एकीकडे वाढलेलं आणि दुसरीकडे घटलेलं असं काहीही.

सरासरी फॅट जुळवायचं असेल तर साधी सरासरी घेऊ नका. १० लिटर ६ फॅटचं आणि २ लिटर ८ फॅटचं, याची साधी सरासरी ७ येते. लिटरचा भार धरला की खरी सरासरी ६.३३. सॉफ्टवेअर भार धरून काढतं, एक्सेलचं ‘ॲव्हरेज’ नाही, आणि मग दोघांत भांडण लावून माणूस अर्धा दिवस घालवतो.

बेरजा जुळल्या तरी काही ओळी डोळ्यांनी बघायच्या. यादीतला पहिला, शेवटचा, सगळ्यात लांब नावाचा, सगळ्यात जास्त रकमेचा, आणि ज्याचं खातं नुकतंच बदललं आहे तो. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पासबुकाच्या झेरॉक्सशी ताडून घ्या. बेरजेत जी चूक कधीच दिसत नाही ती इथे दिसते.

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, ‘रीड-ओन्ली’ करून ठेवा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दसवडा, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. आणि पॉवर क्वेरीत लावलेल्या पायऱ्या जपून ठेवा. पुढच्या दसवड्याला त्याच जागी नवी फाइल ठेवून ‘रिफ्रेश’ दाबलं की सगळं पुन्हा त्याच क्रमाने होतं. एकदा दोन तास बसून केलेली मांडणी वर्षभर पुरते. दर दसवड्याला हाताने झगडणाऱ्या सचिवांना मी हे शेजारी बसून करून देतो, कारण त्यांची रात्रीची झोप त्यात अडकलेली असते.

११. सॉफ्टवेअरवाल्याकडे मागा

एवढी सगळी कसरत सचिवानेच का करायची? सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क संस्था भरते. पुरवठादाराचा माणूस आला की त्याच्याकडून चार गोष्टी लेखी मागून घ्या. एक, निर्यात ‘.एक्सएलएसएक्स’मध्ये, सभासद क्रमांक आणि खाते क्रमांकाचे रकाने टेक्स्ट केलेले. दोन, सीएसव्ही द्यायची तर यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या ओळखचिन्हासह, म्हणजे मराठी नावं कुठेही उघडली तरी नीट दिसतील. तीन, तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. तिचा उलटा अर्थ लागत नाही. चार, एका ओळीत एक नोंद, मधे मथळे आणि बेरजा नाहीत, जमा आणि नावे यांचे रकाने वेगळे. यातली एकही मागणी अवघड नाही, ज्याने संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलं त्याला हे फार थोड्या वेळाचं काम आहे. तालुक्यातल्या चार-पाच संस्था तेच सॉफ्टवेअर वापरत असतील तर सगळ्यांनी मिळून एकच पत्र द्या, ठराव करून, अध्यक्षांच्या सहीने. पुढच्या देखभाल कराराच्या नूतनीकरणाआधी दिलंत तर ते लवकर होतं.